व्हील्स ऑन मील्स (1984) परत बघितला, पहिला तास पकवतो की मीच म्हातारा झालो?

रिकामटेकडा:
ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी – जॅकी चॅन आणि युएन बियाव बार्सिलोनात पिवळ्या व्हॅनमधून खायचं विकतात, सॅमो हंग कामचलाऊ डिटेक्टिव्ह, आणि तिघांच्या मधे लोला फॉर्नर जी आधी पाकीटमार वाटते आणि नंतर मोठ्या इस्टेटीची वारस निघते. डिरेक्शनही सॅमोचंच. शेवटची किल्ल्यातली हाणामारी आजही कडक, त्यात वादच नाही. पण त्याआधीचं? मेंटल हॉस्पिटलमधले जोक, पोरीवरून दोघांची चढाओढ, मला तर झेपेना राव. 11 वर्षांच्या भाच्याला दाखवायचाय, डायरेक्ट किल्ल्यापासूनच लावू का?

कटिंग_चहा:
लाव की बिनधास्त. किल्ल्यात जॅकीशी भिडणारा गुंड बेनी उर्किडेझ आला की पोरगं मोबाईल खाली ठेवेल. खराखुरा किकबॉक्सिंग चॅम्पियन होता तो. ती फिरून मारलेली लाथ आठवते का, जॅकीला लागत नाही पण नुसत्या वाऱ्याने मेणबत्त्या विझतात! बाकी स्टोरी काय, असून नसून सारखीच.

भालेराव_काका:
अरे नका रे कापू. त्या फाइटमध्ये जॅकी आधी चांगलाच मार खातो, मग एका क्षणी अंग सैल सोडतो आणि ठरवतो की हे आपण रोजच्या प्रॅक्टिससारखंच घ्यायचं, आणि तिथून बाजी पलटते. आता ही रोजची प्रॅक्टिस कुठे दिसते? पिक्चरच्या सुरुवातीला, दोघं सकाळी उठून व्यायाम करतात तिथे. ते बघितलंच नाही तर भाच्याला कळणार काय, एक गोरा आणि एक चिनी एकमेकांना बडवतायत एवढंच.
आणि जॅकी स्केटबोर्डवरून टेबलाटेबलावर ऑर्डरी पोचवतो तो सीन नीट बघ, तोल आणि टायमिंग अगदी फाइटमधलंच आहे, फक्त हातात प्लेटा आहेत. जॅकी, सॅमो आणि युएन बियाव हे तिघं लहानपणापासून हाँगकाँगला यु जिम-युएन यांच्या ऑपेराच्या शाळेत एकत्र वाढले, तिथे गाणं, कोलांट्या, मारामारी, नक्कल सगळं एकाच छडीखाली शिकवायचे. त्यामुळे कॉमेडी वेगळी न् फाइट वेगळी असे कप्पे यांच्या डोक्यातच नाहीत. युएन बियाव आणि किल्ल्यातला दुसरा गुंड कीथ व्हिटाली यांची फाइट बघ ना, हसायचं की टाळ्या वाजवायच्या कळत नाही. ती मला उर्किडेझवालीपेक्षा जास्त आवडते, घाला शिव्या.

चष्मिस_मुलगी:
काका, पटलं, पण मेंटल हॉस्पिटलचं समर्थन नका करू हां. पेशंट लोकांवर हसायचं एवढाच जोक आहे तो. माझ्या पोरींबरोबर बघताना मी ते सरळ पुढे ढकललं आणि काहीही बिघडलं नाही. दुसरं म्हणजे लोला फॉर्नरला पाकीट मारायचा सीन सोडला तर पिक्चरभर फक्त पळवून नेतात. धाकटी म्हणाली हिला कोणी कराटे का नाही शिकवलं. बरोबरच आहे तिचं.

भालेराव_काका:
हॉस्पिटल माफ, ते उडव. धाकटीला माझा नमस्कार सांग.

कटिंग_चहा:
बाय द वे 'मील्स ऑन व्हील्स'चं नाव असं उलटं का माहितीये का, हाँगकाँगची फिल्म कंपनी गोल्डन हार्वेस्टचे 'एम' वरून सुरू होणारे पिक्चर पडले होते म्हणून 'मील्स' मागे टाकलं असं सांगतात. आपल्याकडच्या 'के'वाल्यांचे चुलतभाऊच म्हणायचे.

रिकामटेकडा:
हाहा. ठीक आहे, हॉस्पिटल सोडून पूर्ण लावतो. आणि हा आवडला तर पुढे जॅकीचाच 'प्रोजेक्ट ए' का?

चष्मिस_मुलगी:
हो पण त्यात तो घड्याळाच्या टॉवरवरून कापडी छतं फाडत खाली पडतो, तेव्हा आधी बाल्कनीचं दार लाव आणि मग टीव्ही.