मदत हवी आहे: मेटल फेस्टिव्हलच्या लाइनअपमधे तीन जागा रिकाम्या, कुणाला घेऊ?

कर्णकर्कश
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे, पटकन सांगा. एक दिवसाचा हेवी मेटल फेस्टिव्हल आहे, बँड निवडायचं काम माझ्याकडे आलंय आणि तीन जागा अजून भरायच्यात. पोस्टर अडकलंय, डिझायनर रोज विचारतोय. ज्यांचे मेल आलेत त्यात एक डूम (संथ, जड) आहे, एक पॉवर मेटल (सुरेल), एक फोक मेटल (लोकवाद्यं घेऊन), एक सिंफनिक ब्लॅक (वेगवान, कर्कश, जोडीला वाद्यवृंदासारखा कीबोर्ड) आणि अजून एक डेथ मेटल (गुरगुरत गाणारे). पाचही चांगले आहेत, सगळ्यांचे लाइव्ह व्हिडिओ परत परत बघितले आणि दर वेळी मत बदलतं. टीममधे दोन गट पडलेत, एक म्हणतो डेथच घ्या, लोक त्याच्यासाठीच येणार, दुसरा म्हणतो दिवसभर तेच ते होईल. कुठले तीन घेऊ आणि कुठल्या क्रमानं लावू?

शिंगवाला
डेथ मेटल घ्या. ज्याला एकदा ती गोडी लागली तो डेथचा एकही सेट सोडत नाही. बाल्टिमोरला मेरीलँड डेथफेस्ट २००३ पासून एक्स्ट्रीम मेटलच्याच जिवावर उभा राहिला, लोक समुद्र ओलांडून जायचे. उगाच सगळ्यांना खूश करायला गेलात तर कुणीच खूश होत नाही.

मॉनिटर_मिक्स
धागाकर्ते, निम्मी माहिती द्यायची राहिलीय. स्टेज एक की दोन? सुरू किती वाजता, बंद किती वाजता? एकूण बँड किती? हेडलायनर, म्हणजे शेवटचा मुख्य बँड कोण? जे ठरलेत ते कुठल्या प्रकारचे? हे कळल्याशिवाय कुणीही दिलेलं उत्तर हवेतलं असेल.

मंदगती
डूम घ्याच. सगळं सुरू झालं तेच मुळात संथ आणि जड होतं, फेब्रुवारी १९७० मधे ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला तेव्हा थ्रॅश (वेगवान, आक्रमक मेटल), डेथ, ब्लॅक यातलं काहीच नव्हतं. दिवसभर दोनशेच्या टेंपोवर ब्लास्ट बीट (सलग अतिवेगवान ड्रम) ऐकून कान बधिर होतात, मग पुढचा बँड कितीही भारी असला तरी पोचत नाही. मधे कुणीतरी साठ-सत्तरच्या टेंपोवर एकच रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) पाच मिनिटं वाजवला की माणूस पुन्हा ऐकायला लागतो. कँडलमास, इलेक्ट्रिक विझर्ड या डूम बँडांना लाइव्ह बघितलेल्या कुणालाही विचारा.

उंचसूर
कान ताजे करायचेत तर त्याला पॉवर मेटल आहे ना. स्वच्छ आवाज, गाता येतील असे कोरस. हॅलोवीन किंवा ब्लाइंड गार्डियनच्या सेटला गर्दी काय करते बघा, अर्धं गाणं लोकच म्हणतात. डूमला लोक हात बांधून उभे राहतात.

मंदगती
हात बांधून उभं राहणं म्हणजे आवडत नाही असं नसतं हो. नेदरलँड्सच्या रोडबर्न फेस्टिव्हलला टिलबर्गमधे वर्षानुवर्षं लोक तसेच उभे राहून ऐकतायत आणि तिकिटं संपतात.

शिंगवाला
रोडबर्न हॉलमधे होतो आणि तिथे येणारा माणूस संथ ऐकायलाच येतो. यांच्याकडे तसं आहे का? तेच तर म्हणतोय, एक प्रकार पकडा.

कर्णकर्कश
सॉरी, स्टेज एकच आहे, उघड्यावर. दुपारी १ ते रात्री १०, दहाला आवाज बंद म्हणजे बंद, परवानगी तेवढीच आहे. एकूण आठ बँड. पाच ठरलेत, नावं अजून जाहीर करता येत नाहीत म्हणून प्रकार सांगतो. हेडलायनर थ्रॅश, बाहेरून येणारेत. त्यांच्या आधी एक जुना डेथ मेटल बँड, मोठं नाव आहे. उरलेल्यात दोन नवे डेथ मेटल आणि एक मेटलकोर (मेटल आणि हार्डकोर पंकचं मिश्रण). आता सांगा.

जुनी_कॅसेट
मेटलकोरला मेटल फेस्टिव्हलमधे का घेतलं तेच कळलं नाही. आधी न्यू मेटल (हिपहॉप मिसळलेलं) आलं, १९९४ ला कॉर्नचा पहिला अल्बम आला तेव्हापासून गिटार सोलो गायब झाले, आणि आता हे. हेडलायनर थ्रॅश म्हणता तर त्याला शोभेल असं पारंपरिक हेवी मेटल कुठंय? जुडास प्रीस्टच्या वळणाचं, दोन लीड गिटार एकमेकांना उत्तर देतायत असं एखादं तरी पाहिजे.

बेसवाली
@जुनी_कॅसेट, मेटलकोरवाले ठरलेले आहेत, प्रश्न तो नाहीये. आणि कॉर्ननं सात तारांची गिटार खाली उतरवून जे केलं त्यातून आजच्या अर्ध्या जड बँडांचा आवाज आलाय, तुम्हाला आवडो न आवडो. धागाकर्त्यांना एक विचारायचंय, आठ बँडांत एक तरी बाई आहे का? कोट्यासाठी नाही म्हणत. जिंजर, नर्वोसा, आर्च एनिमी यांनी मोठमोठी मैदानं हलवलीत आणि समोर उभ्या असलेल्या पोरींना तो दिवस वर्षानुवर्षं आठवतो, हे मी त्यांच्यातली एक म्हणून सांगते.

कर्णकर्कश
डूम बँडची गायिका आहे आणि पॉवरवाल्यांची बेसिस्ट. बाकी कुणी नाही.

मॉनिटर_मिक्स
आता बोलता येईल. वेळेचा हिशोब मांडतो. १ ते १० म्हणजे ५४० मिनिटं. आठ बँड म्हणजे मधे सात वेळा स्टेज बदलायचं. सहा वेळा वीस-वीस मिनिटं धरा, हेडलायनरच्या आधी ४५ धरा, झाले १६५. उरले ३७५. हेडलायनरला ७५, त्यांच्या आधीच्या जुन्या बँडला ६०, उरले २४०, म्हणजे सहा बँडांना प्रत्येकी ४० मिनिटं. गणित बरोबर बसतं पण त्यात एक मिनिटही जास्तीचं नाही. दोन स्टेज शेजारी शेजारी असते तर एकावर वाजत असताना दुसऱ्यावर मांडामांड झाली असती, जर्मनीच्या वाकेन फेस्टिव्हलला मुख्य स्टेजं तशीच आहेत. तुमच्याकडे ते नाही. म्हणून ज्याला मांडायला वीस मिनिटांपेक्षा जास्त लागतात तो बँड कितीही आवडला तरी दुपारच्या स्लॉटमधे बसत नाही.

आता मुख्य प्रश्न. हेडलायनर स्वतःचा ड्रम सेट आणणार का, आणि तो सकाळी साउंडचेक झाल्यावर मागे रायझरवर (उंच चौथऱ्यावर) तसाच राहणार का?

कर्णकर्कश
हो, त्यांच्या रायडरमधे (करारासोबतच्या मागण्यांच्या यादीत) आहे. सेट हलवायचा नाही, वरून कापड टाकून ठेवायचं. ते मला महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. त्याचा निवडीशी काय संबंध?

मॉनिटर_मिक्स
सगळा संबंध त्याचाच आहे. हेडलायनरचा रायझर मागची जागा खातो, त्याच्या पुढे उरलेल्या सात बँडांचा सामायिक ड्रम सेट येतो, त्याच्या पुढे मॉनिटर वेज (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून जमिनीवर ठेवलेले स्पीकर). गायक आणि गिटारवाल्यांना उरते ती एक पट्टी. तुमचे फोक मेटलवाले किती जण आहेत?

कर्णकर्कश
आठ. व्हायोलिन, हर्डीगर्डी (हातानं चाक फिरवून वाजवायचं तारवाद्य), बासरी आणि बाकी नेहमीचे.

मॉनिटर_मिक्स
मग त्यांना यावेळी नका घेऊ. मी एल्युव्हेटीसारख्या फोक मेटल बँडांचा चाहता आहे म्हणूनच सांगतो. हर्डीगर्डीची पेटी पोकळ असते, शेजारच्या वेजमधून गिटार आली की ती पेटी घुमायला लागते आणि फीडबॅक सुरू होतो. ते टाळायला पिकअप, डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडायचा डबा), इन-इअर मॉनिटर (कानात घालायचे), प्रत्येकाचं वेगळं मिक्स असं सगळं लागतं, शिवाय तीन-चार मायक्रोफोन जास्तीचे. वीस मिनिटांत घाईघाईनं लाइन चेक (प्रत्येक माइक, केबल चालते का बघणं) करून त्यांना ढकललंत तर गर्दीला फक्त ड्रम आणि गिटार ऐकू येईल, व्हायोलिनवाली नुसती हात हलवताना दिसेल. बँडवर तो अन्याय आहे. पुढच्या वर्षी मोकळं स्टेज आणि मोठा चेंजओव्हर देऊन बोलवा.

सामायिक ड्रम सेटबद्दल आत्ताच सगळ्यांना लिहा. स्नेअर, सिंबल आणि पेडल ज्याचं त्यानं आणायचं, बाकी सेट जागचा हलणार नाही. डेथ मेटलचे ड्रमर डबल पेडल आणतातच, पण एखादा दोन बास ड्रमशिवाय वाजवत नाही म्हणून अडून बसतो, ते आदल्या आठवड्यात कळलेलं बरं.

शिंगवाला
म्हणजे चार उरले. डेथवाले पाच जण, दोन गिटार, एक बेस, कीबोर्ड नाही, बॅकिंग ट्रॅक नाही, दहा मिनिटांत उभे राहतील. तुमच्याच हिशोबानं तेच सोपे.

मॉनिटर_मिक्स
मांडायला सोपे, हे खरंय.

बेसवाली
पण ठरलेल्या पाचात आधीच तीन डेथ आहेत ना. चौथा घेतला तर जुन्या बँडचंच नुकसान आहे. संध्याकाळी सातला ते चढतील तोवर लोकांनी तसेच ग्राउल (गुरगुरतं गाणं) आणि तसेच ट्रेमोलो रिफ (एकच सूर भराभर छेडलेले) दुपारपासून ऐकलेले असतील. मोठ्या नावाला राखून ठेवायचं असतं.

शिंगवाला
मग वॉर्सात १६ जून २०१० ला काय झालं? अँथ्रॅक्स, मेगाडेथ, स्लेयर, मेटॅलिका, चौघं एकामागून एक, चारही थ्रॅश, आणि कुणी कंटाळलं नाही.

उंचसूर
त्या चौघांचा आवाज एकसारखा आहे असं तुम्हाला खरंच वाटतं? अँथ्रॅक्सचे गँग व्होकल (सगळ्यांनी मिळून ओरडलेल्या ओळी) आणि स्लेयरचा काळाकुट्ट रिफ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय समोरच्या माणसाला सगळ्यांची गाणी पाठ होती. नव्या बँडला ती सोय नसते, त्याला आधीच्या आणि नंतरच्या बँडपेक्षा वेगळं ऐकू यावं लागतं.

मंदगती
फ्रान्सच्या हेलफेस्टचं बघा ना. क्लिसाँला डेथ वेगळ्या स्टेजवर, ब्लॅक आणि फोक वेगळ्या, डूम-स्टोनर वेगळ्या, पंक-हार्डकोर वेगळ्या. माणूस स्वतः चालत जाऊन बदल करतो. एकाच स्टेजसमोर उभ्या असलेल्या माणसाला ती चालायची सोय नाही, म्हणून बदल तुम्हीच क्रमात घालून द्यायचा.

शिंगवाला
हे पटलं. तरीही हेडलायनरच्या लगेच आधी डूम नको, एवढं माझं ऐका. गार झालेली गर्दी थ्रॅशला पहिल्या गाण्यात पिट (स्टेजसमोर धक्काबुक्कीचा नाच) करत नाही.

मंदगती
लगेच आधी म्हणतच नाहीये. सहाचा स्लॉट द्या त्यांना. सूर्य कलतो, दिवे दिसायला लागतात, संथ रिफला ती वेळ फार छान. त्यांच्यानंतर सातला जुने डेथवाले पूर्ण वेगात सुटले की तोच वेग दुप्पट वाटेल.

जुनी_कॅसेट
५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमला व्हिला पार्कमधे ब्लॅक सॅबथचा गायक ऑझीचा शेवटचा कार्यक्रम झाला तो आठवा. मॅस्टोडॉनपासून सुरुवात, मग अँथ्रॅक्स, हॅलेस्टॉर्म, लँब ऑफ गॉड, गोजिरा, स्लेयर, मेटॅलिका, प्रत्येकाला मोजकीच गाणी आणि शेवटी सॅबथ. किती वेगवेगळे बँड, पण सगळ्यांचं मूळ एकच, म्हणून तो दिवस एकसंध वाटला. त्यानंतर सतरा दिवसांनी ऑझी गेला, अजून पटत नाही. तर माझं म्हणणं, पॉवर मेटल घ्या. आयर्न मेडन आणि जुडास प्रीस्टची दोन गिटारांची परंपरा आज तिथेच सांभाळलीय.

ऐकूनघ्या
कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मधे कार्यक्रमांसाठी मर्यादा सांगितली, सरासरी १०० डेसिबल. मिक्सरजवळ मीटर लावा, गेटवर इअरप्लग ठेवा आणि स्पीकरपासून लांब एक शांत कोपरा ठेवा जिथे लोकांना कान निववता येतील. टिनिटस कायमचा झाला की आयुष्यभर कानात शिट्टी वाजत राहते, माझ्या वाजतेय.

कर्णकर्कश
@ऐकूनघ्या, हे विचारलं नव्हतं पण घेतलं, आजच टीममधे टाकतो.

बाकीच्यांचे आभार. फोक पुढच्या वर्षी. डूम सहाला, हे मला एकदम पटलं. पॉवरवाले कुठे, दुपारी तीनला ठेवू का? एकला नवे डेथ, दोनला मेटलकोर, तीनला पॉवर, चारला दुसरे नवे डेथ, मग पाच रिकामे. तिथे ब्लॅक की डेथ?

बेसवाली
तीनला पॉवर बरोबर. उन्हात लोक मरगळतात, तेव्हा गाता येणारं काहीतरी लागतं.

शिंगवाला
पाचला डेथ. चारला नवे आणि पाचला थोडे मुरलेले, दोन सेटचा एक सलग तुकडा मिळेल, मग डूम. आणि ब्लॅक मेटल भर उजेडात चेहऱ्याला पांढरा रंग फासून कसं दिसेल विचार करा. घामानं पाचव्या मिनिटाला वाहून जाईल.

उंचसूर
इमॉर्टल, डिमू बोर्गिर सगळेच उन्हाळी फेस्टिव्हलमधे वाजवत आलेत. संगीत चांगलं असलं की पाच मिनिटांनी कुणी रंगाकडे बघत नाही. चारच्या डेथनंतर परत डेथ म्हणजे बेसवाली म्हणाल्या तेच होणार. सिंफनिक ब्लॅक वेगवान पण आहे आणि वेगळं पण.

मॉनिटर_मिक्स
रंगापेक्षा कीबोर्डचं विचारा. वाजवणारा माणूस स्टेजवर आहे की सगळं लॅपटॉपमधून येतं? ट्रॅकवर असेल तर ड्रमरच्या कानात क्लिक (ताल धरायची टिकटिक) लागते, म्हणजे इन-इअर आले. स्वतःचा रॅक, स्वतःचा स्प्लिटर (माइकचा सिग्नल दोन ठिकाणी वाटणारा डबा) घेऊन येत असतील तर साउंडवाल्यांनी फक्त केबल जोडायच्या, पंधरा मिनिटांत होतं. सगळं साउंडवाल्यांकडून मागत असतील तर पाचच्या स्लॉटला ते जमणार नाही, मग डेथच घ्या. इनपुट लिस्ट (किती माइक, केबल लागतात) आणि स्टेज प्लॉट (कोण कुठे उभं राहणार) मागवा, दोन कागदांवर निकाल लागेल.

कर्णकर्कश
मेल केला त्यांना आत्ताच. डूम आणि पॉवरला होकार कळवला, डिझायनरला सात नावं दिली आणि पाच वाजताच्या बँडचा लोगो उद्या देतो म्हटलं.

मॉनिटर_मिक्स
लिस्ट आली की नाव झाकून इथे टाका. चोवीसपेक्षा जास्त चॅनल असतील तर आधी तुमच्या साउंड कंपनीला फोन करा, पोस्टर नंतर.

जुनी_कॅसेट
आणि थ्रॅश हेडलायनर कोण ते जाहीर झालं की पहिलं इथे सांगा.