इंग्रजी वृत्तपत्रांतून आठवड्याचे लेख निवडताना कोणता निकष लावावा?

गोदाकाठची_वाचक यांचा प्रश्न :

सर्वांना नमस्कार. पंचवटीत आमच्या सोसायटीच्या सभागृहात गेली दोन वर्षे दर रविवारी सकाळी आम्ही बारा-तेरा जण इंग्रजी वृत्तपत्र वाचण्यासाठी जमतो. जवळपास सर्वांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आहे. दोघे स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, काही गृहिणी आहेत, काही निवृत्त आहेत. शनिवारी मी आठवडाभराचे अंक चाळून पाच लेख काढते (राजकारण, अर्थकारण, विज्ञान, खेळ आणि एक अग्रलेख) आणि त्यांच्या झेरॉक्स प्रती वाटते.

गेल्या रविवारी एका सदस्याची प्रत माझ्या हाती आली. पहिल्या दोन परिच्छेदांत जवळजवळ प्रत्येक ओळीवर पेन्सिलने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले होते, तिसऱ्या परिच्छेदात तीनच शब्दांखाली रेघा होत्या आणि त्यापुढचे पान कोरे होते. त्यांनी तासभर कष्ट केले आणि तरीही लेखात काय म्हटले आहे ते त्यांना सांगता आले नाही, याची मला फार खंत वाटली, कारण निवड माझी होती. आता मूळ लेख सोडून विद्यार्थ्यांसाठी सोपा केलेला मजकूर द्यावा, की माझ्या निवडीतच काही चुकते आहे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_शिक्षिका यांचे उत्तर :

ताई, तुमच्या सदस्यांची मेहनत कमी पडलेली नाही, मजकुराची पातळी वर गेली आहे. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या मते कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे असेल, तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीपासून ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांमागे एकच अनोळखी शब्द चालतो आणि चारशे शब्दांच्या बातमीत असे आठच बसतात. इंग्रजी वृत्तपत्र या प्रमाणात समजण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे मिळून एक कूळ) ठाऊक असावी लागतात, असा हिशेब त्यांनी २००६ मध्ये मांडला होता. आपल्याकडे शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलाचा साठा यापेक्षा पुष्कळ लहान असतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे.

सोपा मजकूर घेण्यात कमीपणा मुळीच नाही. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी नभोवाणीने १९५९ मध्ये सुमारे दीड हजार शब्दांत बसवलेल्या आणि संथ गतीने वाचलेल्या बातम्या सुरू केल्या, त्या अशाच श्रोत्यांसाठी. मात्र तुमच्या सदस्यांना आपल्या शहराचे वृत्तपत्र वाचायचे आहे, तेव्हा सोपा मजकूर पायरी म्हणून ठेवावा, मुक्काम म्हणून नव्हे. पाचऐवजी दोनच लेख द्या आणि देण्यापूर्वी अनोळखी वाटू शकतील असे शब्द स्वतः मोजा. अग्रलेख तर तूर्त वगळाच, कारण वाचकाला बातमी आधीच माहीत आहे असे धरून तो लिहिलेला असतो.

निफाडचा_शेतकरी यांचे उत्तर :

मी शिक्षक नाही. द्राक्षे आणि कांदा पिकवतो. तरीही माझा अनुभव सांगावासा वाटतो, कारण मी इंग्रजी वृत्तपत्र वाचायला शिकलो ते कांद्यामुळे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये ती उघडली, पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आले. उरलेले २० टक्के १ एप्रिल २०२५ पासून उठले. लासलगावच्या बाजारात भाव कशाने हलतो हे आम्हाला तोंडपाठ असते, त्यामुळे मथळ्यात ‘लिफ्ट’ हा शब्द दिसला तेव्हा तो इमारतीतल्या लिफ्टचा नाही, बंदी उठल्याचा आहे, हे शब्दकोश न उघडता कळले. ‘स्क्रॅप’ म्हणजे भंगार एवढेच मला ठाऊक होते. ‘फ्लोअर प्राइस स्क्रॅप्ड’ वाचले आणि किमान मूल्याची अट रद्द झाली हे उमगले, कारण ती बातमी आदल्या संध्याकाळीच गावात पोहोचली होती. ‘कर्ब’ (निर्बंध), ‘ड्यूटी’ (शुल्क), ‘विथड्रॉ’ (मागे घेणे) हे शब्द त्या दीड वर्षात इतक्या वेळा समोर आले की ते पाठ करावे लागलेच नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी आहे की दर रविवारी पाच वेगळे विषय देऊ नयेत. प्रत्येक विषयाचे शब्द वेगळे असतात, आणि या आठवड्यात कष्टाने मिळवलेला शब्द पुढच्या आठवड्यात भेटलाच नाही तर तो विसरला जातो. मराठीत ज्याची खडान्‌खडा माहिती आहे असा एकच विषय महिनाभर धरावा.

भाषांतरकार_नाशिकरोड यांचे उत्तर :

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. भर घालतो ती मथळ्यांविषयी, कारण पुष्कळ जणांची गाडी तिथेच अडते. इंग्रजी मथळ्याचे व्याकरण शाळेत शिकवलेल्या व्याकरणापेक्षा वेगळे असते. झालेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतात, व्हायची गोष्ट नुसत्या ‘टू’ने सांगतात, ‘अँड’च्या जागी स्वल्पविराम देतात आणि सहायक क्रियापद गाळतात. ‘थ्री हेल्ड’ याचा अर्थ तिघांना पकडले असा होतो, पण नवा वाचक त्या तिघांनी काय धरले ते शोधत बसतो. ‘प्रोब’ म्हणजे चौकशी, ‘नॅब’ म्हणजे पकडणे, ‘मल’ म्हणजे विचार करणे. हे आखूड शब्द जागा वाचवण्यासाठी येतात आणि बोलण्यात क्वचितच ऐकू येतात. असे तीस-चाळीस शब्द एका रविवारी वेगळे शिकवले, तर पुढचे वर्षभर उपयोगी पडतील.

दुसरी अडचण पहिल्या वाक्याची. बातमीतले सगळे महत्त्वाचे तपशील वार्ताहर त्या एका वाक्यात भरतो, आणि हे कोणी सांगितले ते बहुधा अगदी शेवटी येते. क्रियापद शेवटी शोधण्याची सवय असलेला मराठी वाचक तिथल्या ‘सेड’वर थांबतो आणि मुख्य क्रिया त्याच्या नजरेतून निसटते. त्या वाक्याचे मराठीत चार वाक्यांत तुकडे करून दाखवा, आणि शब्दार्थ मात्र पूर्ण वाचून झाल्यावरच लिहू द्या. अग्रलेख कायमचा वगळू नये, असे मला वाटते; परीक्षेची तयारी करणाऱ्यांना मुद्दा कसा मांडतात ते तिथेच दिसते.

गोदाकाठची_वाचक :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर्व क्षेत्रे दाखवण्याच्या हौसेपोटी मी कोणत्याही एका क्षेत्रात सदस्यांना रुळू दिले नाही, हे आता लक्षात येते. पुढचा महिनाभर आम्ही २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या वाचू; रामकुंड, रस्ते आणि साधुग्राम यांविषयी आमच्याकडे प्रत्येकाला काही ना काही सांगायचे असतेच. दर रविवारी दोन बातम्या घेऊ, मथळ्यांना पहिला अर्धा तास देऊ आणि चौथ्या रविवारी याच विषयावरचा एक अग्रलेख ठेवू. ज्यांची प्रत माझ्या हाती आली होती ते सदस्य घाटाजवळच राहतात. पहिली बातमी निवडून आणण्याची विनंती मी त्यांनाच केली आहे.