'कोल्हापुरी' शब्दासह चपलेच्या ब्रँडची नोंदणी आणि फोटोंची चोरी: आधी काय करायचं?

चप्पललाइन_कोल्हापूर विचारतात:

घरचा कारखाना आहे. कापशी आणि कानवाली या प्रकारच्या चपला करतो. बाभूळ-हिरड्यात कमावलेलं कातडं, शिलाई चामड्याच्या वादीची. बॉक्सवर 'आडनाव + कोल्हापुरी' असं नाव छापतो. नोंदणी कसलीच नाही. आता ऑनलाइन एक विक्रेता आमचेच फोटो लावून रेक्झिनचा माल 'ओरिजनल कोल्हापुरी' म्हणून विकतोय. ट्रेडमार्क केला तर हे थांबेल का? चपलेवरच्या चामड्याच्या वेणीचा एक नवा प्रकार बसवलाय, त्याचं पेटंट मिळेल का?

कलम_आणि_कागद:

पेटंट विसरा. ते शोधाला मिळतं, नक्षीला नाही. वेणीच्या रूपाला लागतं ते डिझाइन रजिस्ट्रेशन, २००० च्या डिझाइन कायद्याखाली. पहिली दहा वर्षं आणि अर्ज केला तर पुढे पाच. मात्र त्यात एक खोच आहे. अर्ज करायच्या आधी तो नमुना इन्स्टावर, व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगवर किंवा दुकानाच्या काचेत आला, तर नावीन्य संपलं आणि नोंदणी झाली तरी ती रद्द करून घेता येते. तेव्हा आधी अर्ज, मग फोटो. कापशी-कानवालीचा पारंपरिक घाट कुणालाच नोंदवता येणार नाही, तुम्हालाही नाही.

ट्रेडमार्कमध्ये 'कोल्हापुरी' शब्द तुमच्या एकट्याचा होणार नाही. एकतर तो मालाचं मूळ ठिकाण सांगतो, त्यामुळे ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची हरकत येते. दुसरं, कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, आहे. आडनावही तसं कच्चंच, त्या आडनावाचे दहा कारखाने निघतात. म्हणून एखादा वेगळा, घडवलेला शब्द घ्या आणि 'कोल्हापुरी' खाली बारीक अक्षरात फक्त वर्णन म्हणून ठेवा.

अर्जाचा फॉर्म टीएम-ए. पादत्राणांसाठी वर्ग २५, स्वतःचं ऑनलाइन दुकान असेल तर वर्ग ३५ सुद्धा. उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र जोडलं तर ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला ४५००, नाहीतर कंपनी-भागीदारीला ९०००. ट्रेडमार्क कार्यालयाचा परीक्षण अहवाल, म्हणजे हरकतींचं पत्र, आला की एका महिन्यात उत्तर गेलंच पाहिजे. बहुतेकांचे अर्ज इथंच मरतात, कारण मेल एजंटच्या पत्त्यावर जातो आणि एजंट फोन उचलत नाही. अर्जात स्वतःचा ईमेल द्या. पुढे ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी, मग चार महिने विरोधाची मुदत.

'२००५ पासून वापर' असं लिहायचं असेल तर शपथपत्र आणि पुरावा लागतो. जुनी बिलं चालतात, पण त्यावर *ब्रँडचं* नाव हवं, नुसतं मालकाचं नको. आणि नोंदणी होईपर्यंत फक्त टीएम लिहा. गोलातला आर आधीच छापणं बेकायदा आहे.

पंचगंगाकाठ:

वरचं बरोबर, पण तुमचं आजचं दुखणं फोटोंचं आहे आणि त्यावरचा उपाय सगळ्यात जलद. फोटोवर कॉपीराइट आपोआप असतो, नोंदणी सक्तीची नाही. फक्त फोटो कुणाचा, ते आधी ठरवा. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि उलट करार नसेल तर मालकी तुमची. भाच्यानं फुकट काढून दिला असेल तर भाच्याची! त्याच्याकडून सहीनिशी लेखी हस्तांतरण घ्या. त्यात मुदत लिहायला विसरू नका. लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो.

मग पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी नोटीस द्या, त्यात प्रत्येक लिंक वेगळी. कॉपीराइट नियमांनुसार ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दिला नाही तर ते तो परत चालू करू शकतात. मोठी पोर्टलं सहसा तेवढं ताणत नाहीत.

नोटिशीआधी पुरावा धरा, नाहीतर पान गायब होईल. तारीख-लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मूळ फोटोफाइल जपा, एक जोड मागवून बिल आणि बॉक्ससकट ठेवा. कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं.

हां, वेणीच्या *चित्रावर* कॉपीराइट सांगून नक्कल अडवू म्हणाल तर जमणार नाही. नोंदण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि कारखान्यात ५० पेक्षा जास्त नग काढले, की तो हक्क संपतो.

कलम_आणि_कागद:

'ओरिजनल कोल्हापुरी'चं राहिलंच. तिथं ट्रेडमार्क नाही, जीआय कामाचा. तो महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. दावा लावायचा हक्क नोंदणीकृत मालकाला आणि 'अधिकृत वापरकर्त्या'ला, म्हणजे त्या जीआयखाली नाव नोंदवलेल्या उत्पादकाला. कोल्हापुरीसारख्या चपला दाखवणाऱ्या प्राडा या इटालियन फॅशन कंपनीविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली, तेव्हाही याचिकाकर्ते जीआयचे मालक नव्हते हाच मुद्दा आडवा आला.

म्हणून अधिकृत वापरकर्ता व्हा. अर्ज चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत जातो. २०२० च्या दुरुस्तीनं फी ५०० वरून १० रुपयांवर आणली, तरी लोक करत नाहीत. उत्पादनाचा पुरावा जोडा, आणि मिळालं तर महामंडळाचं संमतीपत्रही.

चप्पललाइन_कोल्हापूर:

आणि तो रेक्झिनवाला कोल्हापूरचाच निघाला तर?

पंचगंगाकाठ:

तरी फरक नाही. जीआयमध्ये ठिकाणासोबत कातडं आणि कृतीही नोंदलेली असते. वनस्पतीनं कमावलेलं कातडं नसेल तर महाद्वार रोडवर बसून केलेली चप्पलही त्या नावाखाली येत नाही.