बीई कॉम्प्युटर की बीएस्सी सीएस? नाशिकचा फ्रेशर कंपनीच्या चाळणीत कुठे अडकतो?

गंगापूररोडकर: भाचा बारावी सायन्स पास. पीसीएम 71 टक्के, एमएचटी-सीईटी 84 पर्सेंटाइल, ओपन. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात बीई कॉम्प्युटरला नंबर लागणं अवघड, गावाबाहेर लागेल. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स शहरातच आरामात मिळेल. बीबीए(सीए), म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशनवालं बीबीए, तेही मनात आहे. तिन्ही पदव्या पुणे विद्यापीठाच्याच, मग कंपनीला फरक काय पडतो? आणि कॅपचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचा, फॉर्म भरताना कशाकडे बघायचं?

चाळणीवाला: विद्यापीठाच्या नावावर फ्रेशर ना निवडला जातो ना नाकारला जातो. पुणे, नगर, नाशिक तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं तीच पदवी देतात. आधी चालते ती पात्रतेची चाळणी, आणि ती माणूस नाही, फॉर्म लावतो. मोठ्या कंपन्यांत बहुतेक ठिकाणी दहावी, बारावी, पदवी सगळीकडे 60 टक्के, एकही लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) नको, शिक्षणात दोन वर्षांहून जास्त खंड नको. इथे बारावीचे एकूण टक्के धरतात, पीसीएमचे नाहीत. भाच्याचे एकूण किती ते आधी बघा. भाषेत मार खाल्लेली पुष्कळ मुलं इथेच गळतात.

दुसरी गफलत सीजीपीएचे (सरासरी ग्रेड गुणांचे) टक्के काढण्याची. 9.5 ने गुणायची सवय सीबीएसई दहावीची आहे, ती इथे चालवू नका. गुणपत्रिकेवर किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात जे सूत्र असेल तेच वापरायचं. फॉर्ममध्ये 63 लिहिलं आणि कागदपत्रं तपासताना 59 निघालं, तर हातात आलेली ऑफरही जाते.

बीबीए(सीए)बद्दल स्पष्टच सांगतो. हा कॉमर्स शाखेचा कोर्स, पूर्वी त्यालाही बीसीएच म्हणायचे. अभ्यासक्रमात प्रोग्रामिंग भरपूर आहे, पण काही कंपन्यांच्या यादीत फक्त ‘बीसीए, बीएस्सी’ असतं. मुलं बीसीएवर टिचकी मारतात आणि शेवटी प्रमाणपत्रावर नाव वेगळं निघतं. विप्रोच्या वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रामची अट तर पदवीला गणित हा मुख्य विषय असण्याची आहे, बिझनेस मॅथ्स धरत नाहीत. त्यात नोकरीसोबत एमटेक होतं, खर्च कंपनीचा, पण करार 60 महिन्यांचा. बीएस्सीवाल्याला तो चालतो का, हे घरात आधी ठरवा.

कॅपचा_फॉर्म: प्रवेशाचं मी सांगतो. बीएस्सी सीएसला सीईटी लागत नाही. बारावीला गणित हवं, यादी कॉलेज लावतं. बीबीए-बीसीए 2024 पासून एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि त्यांना वेगळी सीईटी लागली. इंजिनिअरिंगची सीईटी तिथे उपयोगाची नाही.

बीईसाठी मागच्या वर्षीचा कटऑफ उघडा आणि जागेच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेज ज्या विद्यापीठाचं, त्याच्याच हद्दीतली मुलं), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. ऑटोनॉमस (स्वायत्त) कॉलेजात एस दिसतं, म्हणजे तिथे नाशिककर असल्याचा फायदा नाही, स्पर्धा अख्ख्या महाराष्ट्राशी. चॉइस कोडच्या शेवटी टी असेल तर ती टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेतली जागा. उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, जातीची अट नाही, ट्यूशन फी माफ. डेव्हलपमेंट फी मात्र भरावीच लागते. या जागांचा कटऑफ बहुतेक वेळा जास्तच असतो, तरी यादीत वर टाकायला काय जातं?

पसंतीक्रम मनापासून लावा. 2025 च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ (पक्की), पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना हेच लागू होतं. ‘बघू, मिळालं तर’ म्हणून वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं. यंदाची माहितीपुस्तिका वाचूनच फॉर्म लॉक करा.

सातपूर_एमआयडीसी: चाळणीवाल्यांचं मोठ्या कंपन्यांपुरतं खरं. सातपूर-अंबडच्या लहान कंपन्यांत पदवीचं नाव कुणी विचारत नाही. समोर लॅपटॉप ठेवतात, डेटाबेसमधल्या दोन टेबलांचं जॉइन (दोन्हींतली माहिती जोडणारी क्वेरी) लिहायला सांगतात. डेटा सेंटरचं काम असेल तर लिनक्सवर डिस्क का भरली ते शोधायला लावतात. बीएस्सीचा पोरगा इथे बीईवाल्याच्या पुढे जाऊ शकतो.

चाळणीवाला: मान्य. पण पुण्याच्या ड्राइव्हला (कंपनीच्या भरतीला) फॉर्मच भरता आला नाही तर जॉइन दाखवणार कुणाला?

आकडेमोड: गावाबाहेरच्या बीई कॉलेजाला लगेच हो म्हणू नका. ‘हायेस्ट पॅकेज’चा फ्लेक्स सोडा. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफची (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीची) पीडीएफ शोधा, त्यात त्या वर्षी किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, हे असतं. पीडीएफ नसेल तर प्लेसमेंट अधिकाऱ्याला विचारा की ड्राइव्ह कॅम्पसवर होतात की पूल कॅम्पसला (अनेक कॉलेजांच्या एकत्र भरतीला) दुसरीकडे जावं लागतं. एनबीए हे कोर्सच्या दर्जाचं मानांकनही कोर्सनिहाय असतं. मेकॅनिकलला मिळालं म्हणून कॉम्प्युटरला मिळालं असं नाही.

बीएस्सी घेतली तर पुढे दोन दारं आहेत: सीईटी देऊन दोन वर्षांचं एमसीए, किंवा बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. एमसीएने एकूण पाच वर्षं होतात, बीईपेक्षा एकच जास्त.

गंगापूररोडकर: बारावीचे एकूण 64 निघाले, म्हणजे चाळणीतून सुटला. बीबीए(सीए) यादीतून काढलं. मुक्त विद्यापीठातून पदवी आणि सोबत नोकरी, असंही एकजण सुचवतोय.

चाळणीवाला: मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकचंच, पदवी यूजीसीमान्य, सरकारी परीक्षांना चालते. पण कॅम्पसच्या जाहिरातीत ‘फक्त पूर्णवेळ अभ्यासक्रम’ अशी ओळ असते. ती ओळ आधी शोधा.