मदत हवी आहे: इंजिन क्रमांक मूळचा की पुन्हा ठोकलेला?

नाशिकमध्ये १९६७ ची शेवरोले इम्पाला घेण्याचा विचार आहे. व्ही-८ इंजिनाच्या उजव्या हेडपुढील (सिलिंडरांवरच्या झाकणापुढील) पट्टीवरचा क्रमांक आरसी बुकाशी जुळतो. परंतु ती पट्टी रॉकेल व नायलॉन ब्रशने साफ करून, विजेरीचा उजेड तिरपा धरून पाहिली असता, कारखान्यातील ब्रोचिंगने (दातेरी हत्याराने पृष्ठभाग सपाट करण्याने) उमटणाऱ्या, इंजिनाच्या लांबीला समांतर बारीक रेषा कोठेच दिसल्या नाहीत. त्याऐवजी गोलसर ओरखडे आहेत आणि क्रमांकातला ‘३’ शेजारच्या आकड्यांपेक्षा खोल गेला आहे. ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) मागील बाजूस ओतकामाची तारीख मात्र गाडीच्या आधीचीच आहे. हेड उतरवण्यास किंवा खाली जुना क्रमांक आहे का ते पाहण्यासाठी आम्ल लावण्यास मालकांची परवानगी नाही, आणि ते रास्तच आहे. ओव्हरहॉलच्या वेळी ब्लॉकचा माथा मशीनवर घेतला तरीही या रेषा जातात. तेव्हा असे प्रामाणिक काम आणि मुद्दाम घासून पुन्हा ठोकलेला क्रमांक यांतला फरक, हेड जागेवर असताना, नेमका कशावरून ओळखावा?