जेसन ऑस्बोर्नने रोइंग का सोडलं? (आणि आमच्या चिरंजीवांचं काय)

खाडीवाला_ऐरोली:
मुलगा अकरावीत, वजन ६४, सोसायटीच्या जिममधल्या रोइंग मशीनवरून उतरत नाही. आता त्या जर्मन ऑस्बोर्नचे व्हिडिओ दाखवून म्हणतो बाबा मी पण लाइटवेट (म्हणजे कमी वजनाच्या गटातला) रोवर होणार. २०१८ चा वर्ल्ड चॅम्पियन, टोकियोला सिल्व्हर, आणि मग सायकलवर गेला म्हणे?? पैसा नव्हता की जमेना?

वल्हेकर:
न जमायला काय झालं. टोकियोत जोडीदार रोमेलमानबरोबर डबल स्कल्स (दोघांची बोट), वेळ ६:०७.२९, आयर्लंडवाले सेकंदभरही पुढे नव्हते. सायकल तर आधीपासूनच चालू होती त्याची, डिसेंबर २०२० मध्ये झ्विफ्टवर (घरात सायकल मारत ऑनलाइन शर्यत लावायचं ॲप) सायकलिंगची पहिली ई-स्पोर्ट्स वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली ती यानेच मारली, तीही घरातल्या ट्रेनरवर बसून, समोर प्रो लोक असताना!! नंतर अल्पेसिनच्या टीममध्ये रोडवर प्रो. पायात आणि फुप्फुसात दम असला की तो दोन्हीकडे चालतो, मला तरी यात पळून जाणं वगैरे काही दिसत नाही.

कोपरीची_ताई:
पण ६४ किलोचा पोरगा लाइटवेटच ना मग? अडचण काय?

वल्हेकर:
ताई, पुरुषांत जोडीची सरासरी ७० आणि कोणीच ७२.५ च्या वर नको, वजन रेसच्या एक-दोन तास आधी करतात. आपला दुष्यंत चौहान २०१८ च्या एशियाडला वजनासाठी जेमतेम ब्रेड न् सफरचंदावर उतरला, ब्राँझ मिळालं पण नंतर स्ट्रेचरवर न्यावं लागलं. वाढत्या वयात हे असले धंदे नकोत. आणि मुख्य म्हणजे ऑलिंपिकमधलं लाइटवेट पॅरिस २०२४ ला संपलं, लॉस एंजेलिसला त्याजागी बीच स्प्रिंट (किनाऱ्यावरून धावत सुरू होणारी समुद्रातली रोइंग शर्यत) आलंय. त्यामुळे खाऊ दे त्याला पोटभर, ओपनमध्ये, म्हणजे वजनाची अट नसलेल्या गटात, उतरेल.

खाडीवाला_ऐरोली:
अरे बापरे, हे त्याला माहीतच नाही बहुतेक. पण शिकायचं कुठे, तलावपाळीत तर पेडल बोटी 😅

मामा_नौपाडा:
पुण्याकडे बघा, आर्मीचं रोइंगचं केंद्र तिथेच आहे. दत्तू भोकनळ चांदवडकडचा, म्हणजे पाण्याचीच बोंब, आर्मीत गेल्यावर वल्हं हातात घेतलं आणि रिओत सिंगल स्कल्सला (एकट्याची बोट) १३ वा आला. लाइटवेट नव्हे, ओपन. आधी पोराला पोहता येतं का ते सांगा.