दुपारी पीसी आपोआप बंद पडतो. मदरबोर्डच गेलाय का?

टॉवेल_हिशोब
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचं ऑफिस, भिंतीपलीकडं माग. पीसीत आय-३ ४१३० प्रोसेसर, एच८१ बोर्ड, ४ जीबी डीडीआर-३ ची एक पट्टी, ५०० जीबी हार्ड डिस्क, साधा ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा). सकाळी व्यवस्थित. दुपारी दीडनंतर टॅली चालू असताना खटकन बंद. लगेच चालू केला तर दोन मिनिटांत परत बंद, अर्धा तास थांबलं की तासभर चालतो. दुरुस्तीवाला म्हणतो बोर्ड बदला. बदलू का? रॅम आणि एसएसडीही टाकायचा विचार आहे.

जुना_बोर्ड
बोर्डाला हात लावू नका अजून. थंड असताना चालतो, गरम असताना दोन मिनिटांत पडतो, म्हणजे प्रोसेसर तापतोय. रॅम खराब असती तर बहुधा निळा स्क्रीन नाहीतर बीप आली असती.

बंद पडला की लगेच चालू करून डिलीट दाबा, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) सीपीयूचं म्हणजे प्रोसेसरचं तापमान बघा. तिथं काहीच काम चालू नसताना ८५ अंशांच्या वर आकडा म्हणजे निकाल लागला. शंभरच्या आसपास प्रोसेसर आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून वीज तोडायला लावतो.

मागाशेजारी सुताचे तंतू पंख्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर त्यांची अक्षरशः गादी होते. पंखा वरून झकास फिरताना दिसतो, म्हणून खाली कुणी बघत नाही. नुसता ब्लोअर मारून ती निघत नाही. कूलरच (पंखा आणि हीटसिंक) काढा: चारही पिना बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवून वर ओढा. गादी चिमट्यानं उचला, मग ब्रश. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी मटाराच्या दाण्याएवढीच, मधोमध. बसवताना पिना आधी उलट्या फिरवून जागेवर आणा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीनं दाबा, चारदा 'टक्' ऐकू आलं पाहिजे. एक पिन अर्धवट राहिली तर साफसफाई फुकट.

बारा_व्होल्ट
वरचं बरोबर, पण एसएमपीएसही तपासा. त्याच्या पंख्यातही तेच सूत असतं. पीसी चालू ठेवून एसएमपीएसच्या मोलेक्स (चार पिनांच्या) जोडणीच्या पिवळ्या-काळ्या वायरवर मल्टिमीटर लावा: ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर गेला तर बदला. डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर असेल तर आजच काढा, तो तापताना जो झटका ओढतो त्यात ६०० व्हीएचा यूपीएस ट्रिप होतो.

टॉवेल_हिशोब
बायोसमध्ये ९३ होते. कूलर काढला तर पात्यांमधून पलीकडचं दिसतच नव्हतं. साफ करून नवी पेस्ट लावली, आता भर दुपारी ५६. एसएमपीएस १२.०८. रॅम कुठली घेऊ?

जुना_बोर्ड
डीडीआर-३, १६०० वेगाची, ४ जीबीची अजून एक पट्टी. डीडीआर-४ घेऊ नका, खाच वेगळी असते, बसणारच नाही. बोर्डावर दोनच स्लॉट, मोकळ्यात टाका. पण आधी एसएसडी: २४० जीबीची साटा जोडणीची पुरते, फरक तिचाच जाणवेल. एच८१ वर चारपैकी दोनच पोर्ट ६ जीबीपीएसचे असतात, त्यावरच जोडा. हे पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचे असतात, नसतील तर बोर्डावरचे आकडे वाचा. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर, मागाच्या भिंतीपासून लांब. कूलर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा.